मोनालीच्या पुलावरून

आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते ती पुष्पाबाई. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, शाळा चौथीपर्यंत. पाचवीला नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागतं. पुष्पाबाईची मोनाली तशीच गेली होती, अन् पहिल्याच महिन्यात पुलावरून पुरात वाहून गेली. तेव्हापासून गावातली एकही पोरगी पाचवीला गेली नाही. पोरं जातात. पोरांना पुलावरचं भूत धरत नाही म्हणे. त्यांना पाहून तेच पळत असेल.

माझी शाळा दुसरीतच संपली. पण यंदा नात दिपमाला चौथी पास झाली अन् माझा जीव खालीवर होऊ लागला.

हेमांगी मॅडम शाळेवर नवीन आल्या होत्या. मुली चौथीनंतरच का गळतात, याचा अभ्यास करत त्या घरोघर फिरल्या. बाप्यांनी सांगितलं, शाळा लांब पडते.

"आजी, लांब तर मुलांनाही पडते," मॅडम मला म्हणाल्या, अन् आखाजीला बायकांत झोक्यापाशी येऊन बसल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आम्ही गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतो.

लताबाई मोनालीचं नाव न घेता हळूच बोलली, "ती पूलवर बठेल शे, मॅडम. लगीन नही व्हयेल पोर, तिन्ही घागर कोन भरी? तिले तहान लागेल शे. सोबतले पोरी बलावस."

मॅडम हसल्या नाहीत. पुष्पाबाई मागेच बसलेली आहे, हे आम्ही विसरलो होतो.

"तुम्ही बठ्ठ्या मन्ही पोरले भ्यातस?" ती म्हणाली. "जित्ती व्हती तवय कुत्राले भ्याये ती."

झोका थांबला.

मॅडमनी जपून विचारलं, "सुरुवातीला घरचं कोणी मुलींसोबत पुलापार गेलं तर?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या, जसे माझे गुडघे दुखतच नाहीत.

"मी पोरीस्ले लई जासू," पुष्पाबाई म्हणाली. "खिचडी मंग चढाडसू."

त्याच संध्याकाळी तिनं मोनालीची घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, गोड सांजोरी ठेवली. कोणी अडवलं नाही.

जूनपासून दिपमालासकट तीन पोरी जातात. पुलावर पुष्पाबाई कठड्याच्या बाजूनं चालते, कठड्याशी एका माणसाची जागा सोडून. त्या बाजूचा हात मोकळाच, पण मूठ मिटलेली. पुटपुटते, "सरक वं माय, पोरीस्ले उशीर व्हस."

काल दिपमाला म्हणाली, "आजी, आता पुष्पाकाकू नाही आली तरी आम्ही जाऊ. भीती नाही वाटत."

मी मॅडमना सांगितलं. पुष्पाबाईला अजून सांगितलेलं नाही.