मृत्युंजयनं टाकलेला शून्य

मृत्युंजयचा नेम असा, की गेममधी समोर भिंत असली तरी गोळी भलतीकडंच जायची. नववीत दोनदा आपटला अन् शाळा सोडली. पण परळीच्या स्टेशन रोडवर रुद्रप्पाअण्णाच्या नेट कॅफेत, बंदुकीचा गेम सुरू व्हायचा तो त्याच्या हातानं.

कोपऱ्यातल्या मेन कॉम्प्युटरवर बसायचा. एक बटण दाबलं की गेमवर काळी पट्टी उतरायची. तिच्यात इंग्रजीत हुकूम लिहायचा. कॉम्प्युटरचे गडी, म्हणजे बॉट, किती सोडायचे, त्यांच्या हातात चाकू का बंदूक, डाव किती मिनिटांचा. इंग्रजीत बारा मार्क पडलेल्या पोराला शंभरेक हुकूम तोंडपाठ. एक अक्षर चुकलं की पट्टी ऐकायची न्हाई. अन् लाईट गेली की सगळं पुसून जायचं. गावात एवढं थोरलं वीजकेंद्र, वाळत घातलेल्या कापडावर राख बसती, अन् लाईट दिवसातून चारदा जाती! मृत्युंजय टेबलावर बुक्की मारायचा अन् पहिल्यापासून टाईप करायचा.

हे सगळं दस्तगीरसाठी. दस्तगीर फळवाल्याचा पोरगा. कॅफेत त्याच्यासारखा नेम कुणाचा न्हाई, पण घाबरला की समोर दिसल त्याला झोडपायचा. अंबाजोगाईच्या पोरांशी मॅच ठरली तवा अण्णा म्हणले, "जिंकलात तर गेम राहील. हरलात तर काढून टाकतो, टायपिंगचा क्लास लावतो. दिसभर नुसता ठो ठो, डोकं उठलंय माझं."

मृत्युंजयला त्या खुर्चीशिवाय दुसरी जागा न्हवती.

आठ दिस प्रॅक्टिस घेतली. दुसऱ्याच दिशी दस्तगीरनं डावात तीनदा महांतेशला, आपल्याच गड्याला, उडवलं.

"हे आपल्या माणसाला गोळी लागायचं बंद कर बे," दस्तगीर वैतागला. "माझा हात आखडतो."

"अंबाजोगाईत ते चालू ऱ्हाणार हाय, दस्त्या."

"तिथलं तिथं बघू. तू माझा दोस्त हायस का त्या गेमचा?"

पट्टीत त्या हुकुमाम्होरं एक होता, म्हणजे आपली गोळी आपल्या माणसाला लागणार; मृत्युंजयनं त्या एकाचा शून्य केला. मग रोज लाईट आल्यावर शून्यच टाकत गेला.

अंबाजोगाईत शेवटचा डाव. समोर एकच गडी उरला, इकडं दस्तगीर अन् महांतेश. पेटीमागून तो गडी निघाला, मधी महांतेश. आठवडाभर दस्तगीर आपल्या माणसातून बिनधास्त गोळ्या सोडत आलता. आत्ताबी सोडल्या. महांतेश पडला, अन् तेवढ्यात त्या गड्यानं दस्तगीरला टिपलं.

परतीच्या जीपमधी महांतेश तोंड फिरवून बसला. दुसऱ्या दिशी कॅफेत अण्णांनी इचारलं, "कुणामुळं हरलात रे?"



"माझ्यामुळं," मृत्युंजय म्हणला. "शून्य मी टाकला."

"तू तर खेळलाबी न्हाईस!"

"म्हणून तर. माझं काम तेवढंच होतं, तेबी धड केलं न्हाई."

अण्णा चष्मा पुसत म्हणले, "दुपारी क्लासवाल्या बाई येणार हायत. तवर मशीन मोकळी करा."

मृत्युंजय खुर्चीत आदळला. पट्टी उतरवली, शून्याचा एक केला. एक बॉट सोडला, अन् स्वतः दस्तगीरच्या बाजूनं गेममधी शिरला.

"आता काय करतोस बे? संपलं की सगळं," दस्तगीर म्हणला.

"बस गप. मी तुझ्याम्होरं उभा ऱ्हातो. मला न लागता त्या बॉटला मार."

"कावून? मॅच कुटं हाय आता?"

"मॅचच्या आयला! मार म्हणतो न्हवं."

दस्तगीरनं मारली. मृत्युंजयच पडला.

"परत."

परत तोच पडला. तिसऱ्यांदाबी. दारात बाई टाईपरायटरचं पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या, अण्णा मशीन बंद करायला बटणाकडं हात नेत होते.

"अण्णा, एक डाव," मृत्युंजय वळून न बघता म्हणला. "दस्त्या, हात आखडू दे. आखडला तरी चालतो. परत मार."