उतरलेली बासरी

बासरीवाल्याच्या धंद्यात हात त्याचे आणि कान बायकोचे. तापल्या सळईनं बांबूला भोकं पाडायची, फुंकून बघायचं आणि "जमली!" म्हणून मांडी थोपटायची, ही त्याची रीत. तोच आतून भाजी चिरता चिरता आवाज यायचा, "अहो, ऊन आहे ती अजून! गार झाली की उतरेल. गिऱ्हाईक काय चुलीपाशी बसून वाजवणारे?"

"तू फुंकलीस का गं कधी एक तरी?" तो करवादायचा.

"मीठ कमी पडलंय हे कळायला आचारी व्हावं लागत नाही. जेवलं की कळतं."

आणि बासरी गार झाली की खरंच उतरायची. उतरलेला सूर कानावर पडला की बाईच्या कपाळाला आठी पडलीच, मग ती गाढ झोपेत का असेना.

तीच बाई आता दवाखान्यात नळ्यांच्या जंजाळात पडली होती. मेंदूत रक्तस्राव झालेला. खोली एसीनं गारढोण. डॉक्टर म्हणाले, "त्यांना आता काही कळत नाही. यंत्रावर ठेवायचं की घरी न्यायचं, ते तुम्ही ठरवा."

"आजचा दिवस द्या," म्हणून तो गेला आणि बासरी घेऊन आला.

लेकीनं मोबाईलवर तंबोरा लावला. एरवी गार जागेत तो बासरी आधी काखेत धरायचा, तिच्यात ऊन फुंकर घालायचा. आज तशीच ओठाला लावली. सूर तंबोऱ्याच्या खाली लोंबकळायला लागला. दोन सुरांची झटापट ऐकवेना.

"बाबा, उतरलीय. जरा ऊब द्या ना तिला."

"माहितेय मला. तू आईच्या कपाळाकडे बघ."

लेक आईच्या उशाशी वाकली. तो वाजवत राहिला, मुद्दाम एकेक सूर आणखी खाली दाबत. जन्मात इतकं बेसूर वाजवलं नव्हतं त्यानं. कपाळ मात्र इस्त्री फिरवल्यासारखं सपाट.

सलाईन बदलायला आलेली नर्स दारातच थबकली. "किती गोड वाजवता हो काका!"

त्याची फुंकर तुटली. तो बायकोच्या कानाशी वाकला. "ऐकलंस का गं? गोड म्हणतेय ही."

त्यानं वाट पाहिली. एरवी असल्या कौतुकाची तिनं पार सालटी काढली असती.

मग त्यानं लेकीच्या हातातला मोबाईल घेतला आणि तंबोरा बंद केला.

"डॉक्टरांना सांग," तो म्हणाला, "घरी नेतो आम्ही हिला."