वकीलसाहेबांची शतपावली

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात आमच्या घरमालकिणीचे दिवंगत यजमान वरच्या मजल्यावर परत आले. त्यांच्या येण्याची नोंद मीच ठेवली.

मी लखनऊच्या एका इंग्रजी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. अलीगंजात अम्माजींच्या घरी मागच्या एका खोलीत मी आणि बायको सुधा राहत होतो. सुधाला सातवा महिना लागला होता आणि माझी आई साताऱ्याहून येणार होती. एका खोलीत चौघांचे जमणार नव्हते. वरच्या दोन खोल्या अम्माजींचे यजमान, म्हणजे वकीलसाहेब, गेल्यापासून बंद होत्या. त्या आम्हाला देण्याचे अम्माजींनी जवळजवळ कबूल केले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून दार लावून घेतले. धुके इतके दाट होते की दुपारी साडेतीनला दिवा लागला होता.

"बेटा," त्या हळूच म्हणाल्या, "ऊपर कोई टहलता है."

वकीलसाहेब जेवणानंतर वर शतपावली करत. आता तीन वाजले की पुन्हा पावले वाजत होती. मात्र ती जड होती आणि एकाच जागी पडत होती. कुठेच जात नव्हती.

मी वर जाऊन पाहिले. कुलूप शाबूत, त्यावर कोळ्याचे जाळे. दुसऱ्या दिवशी तीनला मी अम्माजींच्या खोलीत वही घेऊन बसलो. आम्ही दोघे छताकडे पाहत राहिलो. आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी मला काम होते, बसता आले नाही. आवाज आला. चौथ्या दिवशी बसलो, नाही आला. भूत पत्रकारांना टाळते, असा निष्कर्ष मी वहीत लिहिला. (मंत्रीही टाळत.)

अम्माजींनी मात्र वेगळा निष्कर्ष काढला. खोल्या आता देता येणार नाहीत. घर त्यांचे आहे, ते परत आलेत, त्यांना बाहेर कसे काढायचे?

आता माझ्या कामाविषयी. मी शब्दांच्या उगमावर एक छोटे सदर लिहीत असे. त्या आठवड्यात 'वॉक' घेतला होता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोळणे, घुसळणे. त्याच कुळातल्या शब्दाने लोकरीचे ओले कापड पायांनी तुडवून घट्ट करणाऱ्यांना 'वॉकर' हे नाव दिले. या साऱ्यातून 'चालणे' नेमके कसे आले, यावर जाणकारांचे एकमत नाही. संपादकांनी समासात लिहिले, 'तुडवून पाहिले आहे का?' म्हणून मी सवड मिळेल तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात आईने पाठवलेली घोंगडी तुडवत होतो. हौद त्या बंद खोल्यांच्या भिंतीला लागून होता.

पाचव्या दिवशी सुधा अम्माजींच्या खोलीतून उठून जिना चढून आली. धुक्यात तिचा फक्त चेहरा दिसत होता.

"अहो, थांबा बघू."

मी थांबलो.

"आता चाला."

मी दोन पावले टाकली. खालून, झरोक्यातून, अम्माजींचा आवाज आला. त्या कोणाशी तरी अगदी सहज बोलत होत्या.

"आज देर कर दी आपने."

माझ्या अंगावर काटा आला. हौदातले पाणी थंड होते हे खरे. पण काटा त्याचा नव्हता.

"खाली जा आणि सांगा," सुधा म्हणाली. "रागावून खोल्या नाही दिल्या तरी चालेल."

मी ओल्या पायांनी गेलो. हौद, घोंगडी, जुनी इंग्रजी, सगळे सांगितले.

"तो वो नहीं थे," अम्माजी म्हणाल्या. मग खिडकीकडे पाहत विचारले, "कल भी चलिएगा?"

खोल्या आम्हाला मिळाल्या. अट एकच होती: दुपारी तीनला पंधरा मिनिटे, वकीलसाहेबांच्या चपला घालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे. मी लगेच कबूल झालो. रात्रभर इतरांच्या चुका काढणाऱ्या माणसाला चालण्यात काय चुकणार, असे वाटले होते. पहिल्याच दिवशी, दहाव्या मिनिटाला, खालून दुरुस्ती आली.

"बेटा, वकील साहब इतना नहीं थकते थे."