वैद्यबुवांचा वरकड

ऑफिसात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. औषधपाण्याशी त्यांचा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरता, तीही बायकोने हातावर ठेवली तर. पण नाव पडलं ते पडलं. कंपनीचं काम वेळापत्रकं लावून देण्याचं: इस्पितळात कुठली नर्स कुठल्या पाळीला, डेपोतली कुठली गाडी कुठल्या रस्त्याला. सगळ्या अटी सॉफ्टवेअरमध्ये लिहायच्या, म्हणजे मॉडेल करायचं, कमीत कमी काय हवं किंवा जास्तीत जास्त काय हवं ते सांगायचं, की यंत्र सगळ्यात चांगली मांडणी शोधून देतं. निदान जाहिरातीत तरी असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा ‘उत्तर नाही’ एवढंच म्हणून गप्प बसतं. मग लिहिणारा आपलं आजारी मॉडेल घेऊन वैद्यबुवांच्या टेबलाशी येतो आणि तोंड पाडून उभा राहतो.

वैद्यबुवा चष्मा कपाळावर चढवत आणि पहिला प्रश्न ठरलेला विचारत, “यंत्राला काय सांगितलंस ते नको, काय सांगायचं राहिलं ते सांग.” आणि काहीतरी राहिलेलं असायचंच. एकाने बेकरीच्या गाड्यांचं डिझेल कमीत कमी करायला सांगितलं, पण पाव गिऱ्हाइकापर्यंत पोचले पाहिजेत हे लिहायचं विसरला. यंत्राने उत्तर दिलं, गाड्या काढूच नका. यात यंत्राचं काय चुकलं? एकीने पाळ्या तासांत लिहिल्या आणि जेवणाची सुट्टी मिनिटांत. प्रत्येक नर्सला तीस तासांची जेवणाची सुट्टी देता देता यंत्राच्या नाकी नऊ आले आणि त्याने हात टेकले. असल्या चुका वैद्यबुवा चहा निवायच्या आत धरत, आणि धरल्यावर असा काही चेहरा करत की चूक करणाऱ्याला ती परवडली, पण तो चेहरा नको असं व्हायचं.

त्यांचं रामबाण औषध म्हणजे वरकड. मॉडेलला उत्तर का नाही हे कळेनासं झालं, की वैद्यबुवा त्यात एक खोटा माणूस घालत. हा वरकड कुठल्याही पाळीला, कुठल्याही कामाला उभा राहू शकतो. फक्त त्याला वापरलं की यंत्राला जबर दंड. म्हणजे अगदीच इलाज खुंटल्याशिवाय यंत्र त्याला हात लावणार नाही. मग उत्तर येतं, आणि जिथे वरकड उभा दिसेल तिथे दुखणं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वरकड घातला आणि दंड लिहायला विसरल्या. यंत्राने इस्पितळातल्या सगळ्या पाळ्या वरकडला दिल्या आणि झाडून सगळ्या नर्सना घरी बसवलं.

“अहो बाई,” वैद्यबुवा चारचौघांत म्हणाले होते, “फुकटचा माणूस ठेवलात की सगळी कामं त्याच्याच गळ्यात पडणार. यंत्र कशाला दुसऱ्याला उठवेल?”

बाई त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. वैद्यबुवांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता घरचं सांगतो. घरात वैद्यबुवा, त्यांची बायको, धाकटा भाऊ, आई आणि आक्का. बायको शाळेत शिकवते. धाकट्याचं चष्म्यांचं दुकान. आई पडल्यापासून अंथरुणावर. तिला उठवायचं, बसवायचं, चाकांच्या खुर्चीत ठेवायचं, औषधं द्यायची, आणि दुपारी रेडिओवर काय लागलंय ते मोठ्याने सांगायचं, कारण तिला तो ऐकू येत नाही आणि बंद केलेलाही चालत नाही. आक्का ही सगळ्यांत थोरली. लग्न झालं नाही, नोकरी झाली नाही. कुणी नवीन माणूस घरी आला की ओळख करून देताना सगळ्यांचे हुद्दे सांगून व्हायचे आणि शेवटी, “ही आक्का. ही घरीच असते.” बस्स, एवढंच. आक्काही मान डोलवायची, जणू तीही स्वतःला तेवढीच ओळखते.

तिचा एक नाद होता. गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यांमधून ती रोपं करायची. कुठली कुठली वाळकी काडी आणून खोचावी आणि तिने पालवावं, असा हात. घरच्यांना त्या डब्यांची अडचण व्हायची, कारण कपडे वाळत घालायला जागा उरत नसे.

तर एका रविवारी जेवताना आक्का म्हणाली, “माझी शाळेतली मैत्रीण दुसऱ्या गावी रोपवाटिका काढतेय. मला बोलावतेय. भागीत. राहायला तिथेच एक खोली आहे. शुक्रवारपर्यंत सांग म्हणाली.”

मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि सगळे जा म्हणाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या घरातली माणसं वाईट नाहीत. “अवश्य जा,” धाकटा म्हणाला, “फक्त दुकान मला सकाळी उघडावंच लागतं.” “जायलाच हवं तुम्ही,” वैद्यबुवांची बायको म्हणाली, “फक्त माझी शाळा सकाळची.” आत जाऊन मोठ्याने सांगितल्यावर आई म्हणाली, “जाऊ दे तिला. पण परकी बाई माझ्या अंगाला हात लावणार नाही.”

वैद्यबुवांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. इतक्या वर्षांत घराला त्यांच्या विद्येची गरज पडली नव्हती, ती आज पडली. “वाद कशाला? मी मॉडेलमध्ये घालतो. यंत्रच सांगेल कसं बसवायचं ते.”

त्यांनी जागच्या जागी लॅपटॉप उघडला. आठवड्याचे तुकडे पाडले: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येकाला विचारून घेतलं, कुठल्या वेळी थांबायचं झालं तर किती त्रास होईल, एक ते दहा. आईची अट घातली. स्वतःच्याही घातल्या: नऊच्या आत आपल्याला काही जमत नाही, आणि शनिवार-रविवार सकाळी क्लबात बुद्धिबळ असतं. दुकान आणि शाळा अटींत घालाव्याच लागल्या; बाकीच्यांचं उरलेलं सगळं त्रासाच्या रकान्यात गेलं. यांचं मात्र सगळंच अटींच्या रकान्यात, म्हणजे न मोडता येणारं. मग कळ दाबली.

उत्तर नाही.

“बसत नाही गं, आक्का,” वैद्यबुवा म्हणाले. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला, जणू त्यांचा यात काही हात नाही. “तू नसलीस तर हे घर गणितातच बसत नाही. यंत्र स्पष्ट सांगतंय.”

आक्काने पडद्यावरची ‘उत्तर नाही’ ही लाल ओळ नीट वाचली. “म्हणजे मी नसले तर कशानेच जमत नाही?”

“कशानेच नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

वैद्यबुवांना खरं सांगायचं तर हायसं वाटलं. बहिणीला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं असतं. ते काम यंत्राने केलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

सोमवारी ऑफिसात मात्र मन लागेना. दया आली म्हणून नाही. धंद्याची खोड आड आली. कारण न शोधता ‘उत्तर नाही’ एवढ्यावर कुणी मॉडेल सोडलं असतं, तर वैद्यबुवांनी त्याची चारचौघांत हजेरी घेतली असती. आणि स्वतः त्यांनी घरच्या मॉडेलची नाडीसुद्धा पाहिली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गुपचूप ते उघडलं.

पहिली पायरी ते सगळ्यांना शिकवत तीच: आज जे प्रत्यक्ष चाललंय ते मॉडेलला जमतंय का बघ. आज जे चालतंय तेही अशक्य म्हणत असेल, तर मॉडेलच खोटं. म्हणून त्यांनी आक्काला आत घातलं आणि कळ दाबली.

पापणी लवायच्या आत उत्तर आलं. सोमवार सकाळ, आक्का. दुपार, आक्का. रात्र, आक्का. मंगळवारी तेच. रविवारपर्यंत तेच. त्यांचं स्वतःचं नाव कुठे नाही, धाकट्याचं नाही, बायकोचं नाही. सगळे मोकळे.

वैद्यबुवा हसले. अशी चूक ते डोळे मिटून ओळखत. त्यांनी त्रासाचा रकाना उघडला. धाकट्याचे आकडे होते, बायकोचे होते. आक्कापुढे काही नव्हतं. कोरं. कोरं म्हणजे यंत्राच्या हिशेबी शून्य. रविवारी त्यांनी टेबलाभोवती एकेकाला विचारलं होतं आणि आक्काला विचारलंच नव्हतं, कारण ती तर जाणार होती. बरं, याआधी तरी कधी विचारलं होतं?

चूक दुरुस्त करायला त्यांनी हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. ही चूक म्हणावी, तर उत्तर घराशी तंतोतंत जुळत होतं. घरात अगदी असंच चाललं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलेल्या मॉडेलांत इतकं खरं मॉडेल दुसरं नव्हतं.

फुकटचा माणूस ठेवलात की सगळी कामं त्याच्याच गळ्यात पडणार. शेजारच्या टेबलावरच्या बाई डबा खात होत्या. वैद्यबुवांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. त्यांना लाज वाटली. साधी, कान तापवणारी लाज, शाळेत वाटायची तशी.

मग त्यांनी आक्काला बाहेर काढलं आणि तिच्या जागी वरकड घातला, जबर दंड लावून. आता तो मोजक्याच ठिकाणी उभा दिसला: रोज नऊच्या आत आईला उठवायला, शनिवार-रविवारी सगळी सकाळ, आणि सगळ्या दुपारी. एकेक अट सैल करून पाहिली. धाकट्याचं दुकान सैल होईना. बायकोची शाळाही होईना. सरतेशेवटी दोघांच्याच अटी आडव्या पडलेल्या सापडल्या. एक आईची, परक्या बाईची. बाकीच्या त्यांच्या स्वतःच्या. त्यांनी आपल्या नऊ वाजताच्या आणि बुद्धिबळाच्या अटी उचलून त्रासाच्या रकान्यात टाकल्या, प्रत्येकी दहा त्रास लिहिला, मग जरा विचार करून सहा केला. दुपारपुरती एक पगारी बाई धरली. वरकड निघून गेला. सकाळच्या रांगेत वैद्यबुवांचं नाव आलं, एकाखाली एक.

आईला पटवण्यात बुधवार-गुरुवार गेले. बाईने फक्त रेडिओचं सांगायचं आणि अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं, यावर तह झाला. शुक्रवारी वैद्यबुवा ऑफिसातून लवकर निघाले आणि तडक गच्चीवर गेले. जिना चढताना त्यांनी वाक्य जुळवलं होतं. चूक माझी होती, हेही त्यात होतं, पण जरा शेवटी.

आक्का डब्यांमधली रोपं काढून ओल्या गोणपाटात गुंडाळत होती.

“आक्का, बसलं गणित,” ते म्हणाले. “तू जा. आजच कळव मैत्रिणीला.”

“कळवलं की,” आक्का म्हणाली. “सोमवारीच.”

“सोमवारी? अगं, पण रविवारी मी तुला सांगितलं ना, तुझ्याशिवाय बसत नाही म्हणून?”

“तू सांगितलंस म्हणूनच तर.” तिने एक गाठ मारली, दातांनी सुतळी तोडली. “मी आधी नाहीच म्हणणार होते. म्हटलं, भागीत जायचं तर आपल्याला येतं काय? आयुष्यभर भावांच्या घरी बसून खाल्लं. मग तू ते यंत्र दाखवलंस. तीन कमावत्या माणसांना मिळून माझ्या एकटीचं काम जमत नाही म्हणालं ते. मला रात्रभर झोप नाही आली. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं रे.”

वैद्यबुवांचं जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी उगाच एक डबा उचलून इकडचा तिकडे ठेवला.

“तो तिथे नको,” आक्का म्हणाली. “ऊन लागतं.”

त्यांनी डबा परत जागेवर ठेवला. “आणि आमचं जमलं नसतं तर?”

“जमवलं असतंत काहीतरी. मी काय गणित मांडून करत होते?”

खालून आईची हाक आली, “आक्का गं.” आक्का सवयीने उठली. अर्धी उठली आणि मग थांबली. हातातल्या रोपाकडे पाहत ती पुन्हा खाली बसली, आणि काहीच झालं नाही असं दाखवत सुतळी शोधायला लागली.

वैद्यबुवा जिना उतरून आईच्या खोलीत गेले.

“तू कशाला आलास?” आई म्हणाली. “आक्काला पाठव.”

“आक्काला आत्ता जमत नाही,” वैद्यबुवा म्हणाले.

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे आईने ते त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.