बादलीतला कोंब

हंसाबेन नसत्या तर सुरतेतली ही खोली माझ्या हातून गेलीच असती. कचऱ्याची गाडी मी कामावर गेल्यावर येते, त्यामुळे भाजीची सालं घरातच साठायची. घरमालकांनी बजावलं होतं, पुन्हा वास आला तर दुसरी खोली बघ. धास्तीने मी कांदासुद्धा कमी चिरायला लागले. तेव्हा शेजारच्या हंसाबेननी एक फुटकी बादली आणि पोतंभर वाळकी पानं आणून दिली. म्हणाल्या, "ओल्यावर सुकं टाकत जा. सालांना एवढी घाबरतेस, मग सासूपुढे कशी उभी राहशील गं?"

वास गेला. आज सकाळी बघते तर बादलीतून भोपळ्याचा कोंब वर आलेला, डोक्यावर बी टोपीसारखी अडकलेली. मी उकिडवी बसून कितीतरी वेळ हसत राहिले. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मला वाटायचं, एकदा बाजूला टाकलं की संपलं. या कोंबाला ते कुणी सांगितलंच नसावं. मघाशी सालं टाकताना हात आपोआप हळू झाला, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा.

वेलाला भोपळा धरो न धरो, हंसाबेनना एक दिवस मी माझ्या हातचे गुळाचे घारगे पोटभर खाऊ घालणार आहे.