तिकीट काढून टबात

बाबा रिटायर झाले, तरी आईचा एक प्रश्न काही रिटायर होत नव्हता. "खाली कसं रायते हो?" खाली म्हणजे जमिनीखालच्या कोळशाच्या खदानीत. बाबा चंद्रपूरजवळ जन्मभर तिथे उतरले, आईने जन्मभर डबा भरला, आणि उत्तर जन्मभर एकच मिळालं. "अंधार रायते." झालं, विषय संपला! डबा मात्र रोज अर्धा परत यायचा आणि त्यावर हा माणूस हवं तितकं बोलायचा. "मीठ जास्त होतं." आई बिचारी मीठ कमी करत गेली, इतकं की आमच्या घरची भाजी खाऊन पाहुणे एकमेकांकडे बघायचे. आम्ही भावंडं त्याच अळणी भाजीवर वाढलो. मला अजूनही त्याचा राग येतो.

बायांना तेव्हा खाली सोडत नसत. आईचं म्हणणं एवढंच होतं, "ज्याले रोज पाठवलं तो कुठी जात होता, हे मले मराच्या आधी कळू द्या."

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या मैदानावर पाळणे लागले. फाटकावर लिहिलं होतं 'थीम पार्क'. थीम कोणती ते विचारू नका, आत धूळ होती. पण रोलर कोस्टर होता! दुमजली घराएवढा उंच, शेवटी पत्र्याचा काळाकुट्ट बोगदा, आणि गाडीला पुढे वाघाचं तोंड. आमच्या जिल्ह्यात वाघ काढल्याशिवाय कोणी भजीसुद्धा विकत नाही.

मला रांगेत गप्प उभं राहणं जमत नाही. मोबाइल काढला आणि सोबतच्या आई-बाबांना रोलर कोस्टरचा इतिहास वाचून दाखवायला लागले. आधी म्हणे रशियात लोक बर्फाच्या टेकाडावरून घसरायचे.

"घसरू दे," बाबा म्हणाले.

मग अमेरिकेत एका डोंगरावरच्या खाणीतून कोळशाच्या गाड्या आपल्याच वजनाने रुळावरून खाली सुटायच्या. रिकाम्या गाड्या खेचरं वर ओढून न्यायची, आणि उतरताना खेचरंही गाडीत बसून यायची. ते बघून लोकांनाही हौस आली, ते पैसे देऊन बसायला लागले. पुढे मोठमोठ्या पार्कांत हाच खेळ झाला.

बाबा रांगेतून बाहेरच आले. "म्हंजे हा टब होय?" टब म्हणजे खदानीतला कोळसा वाहायचा लोखंडी डबा. "आमच्याकडे टबात बसलं का चार्जशीट भेटे, अन् इथी तिकीट! अन् खेचराले बसवत होते? आमी पायदळ गेलो ना!"

आईने तेवढंच पकडलं. "टब होय ना? मंग मले बसाचं आहे. तुमच्यासंग."

"अवं, लेकराइचं आहे ते."

"तुमी खाली कधी नेलं नाई. इथी तरी न्या."

बाबा मुकाट्याने परत रांगेत आले. दोघं पहिल्या डब्यात बसली, मी त्यांच्या मागे. साखळी कडकड करत गाडीला वर घेऊन गेली. पॉवर हाऊसच्या चिमण्या दिसल्या, आई खूश झाली. आणि गाडी सुटली.

"टब सुटलाऽऽ! भिंतीले लागा!"

बाबांचा आवाज! खदानीच्या उतारावर टबांचा दोर तुटला की हीच हाक देतात आणि माणसं भिंतीला चिकटतात. इथे भिंत कुठली? बाबांनी आईलाच दांडीवर दाबलं आणि स्वतः तिच्यावर पालथे पडले. माझ्या मागे बसलेले एक गृहस्थही खदानीतलेच निघाले. तेही बोंबलले, "सुटला रेऽऽ!" खाली रांग पांगली. गाडी चालवणाऱ्याला वाटलं खरंच काही तुटलं. त्याने घाबरून ब्रेक ओढला आणि गाडी थांबली ती नेमकी बोगद्यात.

स्वतःचा हात दिसेना. मी पोट धरून हसत होते, तेवढ्यात आई पुढून बोलली.

"असंच रायते खाली?"

"असंच."

"भेव लागे?"

"रोज."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तू डब्बा भरून देल्ला असता?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बाहेर गाडीवाला कोणावर तरी ओरडत होता.

"अन् मीठ?" आईने विचारलं.

"मीठ बरोबर रायचं वं. घासच उतरत नोता."

हिसका बसला आणि गाडी उजेडात आली. आईने पदराने डोळे पुसले आणि गाडीवाल्यालाच झापलं, "काय रे, आणखी जरा वेळ थांबवता येत नोतं?"

त्या दिवशी कित्येक वर्षांनी आमच्या घरच्या भाजीला मीठ होतं. खरं सांगायचं तर चांगलीच खारट झाली होती. बाबांनी ताट पुसून खाल्ली.