गाय तुमची हुती

दादा जेवत होते. शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीला टेकून. ताटलीत भात आणि पातळ आमटी. वरच्या गावातला बापू आला आणि पायऱ्यांखालीच उभा राहिला. नाकावर रुमाल. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जेवान आटपून चल रं. गोठ्यातली जनावरं फुगल्यात. लई वास सुटलाय."

दादांनी विचारलं, "मी येऊन काय करू, बापू?"

"काय करू म्हंजी? वढून बाहीर काडायची. तुमचंच काम हाय की ते."

दादा म्हणजे माझे वडील. गवंडी. बापूपेक्षा वयानं मोठे. बापूच्या गोठ्याची भिंत त्यांनीच बांधलेली. ढोरं ओढायचं काम माझ्या आज्ज्यानं तरणेपणी सोडलं होतं. त्यापायी मार खाल्ला होता, पण सोडलं होतं. दादांनी जन्मात कधी मेलेल्या जनावराला दोर लावला नव्हता. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील.

दादांनी ताटली बाजूला सारली. हात धुतला. उठले.

सीना नदीला असं पाणी आमच्या गावात कुणी बघितलं नव्हतं. आमची वस्ती खालच्या अंगाला, नदीला खेटून. गाव वर. पाणी आधी आमच्यात शिरलं. मातीच्या भिंती भिजल्या आणि बसल्या. चौकातल्या खांबाचं निळं निशाणसुद्धा गेलं. आम्ही अंगावरच्या कपड्यानिशी माळावरच्या शाळेत आलो. मागनं पाणी वर चढलं, तशी गावातली माणसंही आली. ती वर्गात गेली. आम्ही व्हरांड्यात बसलो. इथंच बसा असं कुणी म्हणालं नव्हतं. आमचे पायच तिथं थांबले. त्याची लाज मला आजही वाटते.

मी टेंभुर्णीला खासगी क्लासमध्ये गणित शिकवते. बापूची मुलगी माझ्याकडेच शिकायची. दादांच्या मागं मी उठले तेव्हा ती वर्गाच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "मॅडम, तुमी पण जाणार?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी मान खाली घातली आणि पायऱ्या उतरले. दादांना एकटं कसं सोडणार?

गोठ्यात पोटरीपर्यंत गाळ. गाया दावणीलाच बांधलेल्या. पाणी आलं तेव्हा घरची माणसं पळाली, दावी सोडायला कुणाला सुचलं नाही. पोटं नगाऱ्यासारखी ताणलेली. डोळे उघडे. बाहेर बापूचा ट्रॅक्टर उभा होता. ओढणार तोच. पण दोर कुणी बांधायचा? बापूचे भाऊबंद वाऱ्याच्या वरच्या बाजूला, तोंडाला फडकी बांधून उभे. एकानं दोर आमच्याकडं फेकला.

दादा वाकले. एका गाईच्या मागच्या पायांना दोर घालायला लागले. विटा रचणारे, ओळंबा धरून भिंत सरळ आणणारे ते हात. गाठ बसेना. मी गाळात गुडघे टेकले आणि पाय धरून ठेवले. कातडी माझ्या बोटांखाली सरकली. मला ओकारी आली. मागून कुणीतरी हसलं.

ट्रॅक्टरनं गाय ओढून नेली. मग दुसरी. मग कालवड.

बापू लांबूनच म्हणाला, "उद्या बाकीच्यांची काडा. वस्तीतली समदी माणसं घ्या. गावानं ठरवलंय."

आमच्याबद्दल ठरवलं होतं. आम्हाला न विचारता.

"आन् वर याच्या आदी नदीवर धुऊन या. हितं बायका-पोरं हायती."

आम्ही नदीवर गेलो. जिनं आमचं घर नेलं, तिच्याच गढूळ पाण्यात अंग धुतलं. दादा माझ्याकडं बघत नव्हते. मी त्यांच्याकडं बघत नव्हते.

संध्याकाळी भाकरी वाढायला बापूची बायको आली. आमच्यापाशी येऊन तिनं हात उंच धरला आणि वरूनच भाकरी सोडली. मी हात मागं घेतला. का घेतला, मला माहीत नाही. विचार करून काही केलं नाही. भाकरी चिखलात पडली.

"ताटात ठेवा," मी म्हणाले. "वर्गातल्यांना वाढता तशी."

"अगं बया! मढ्याला शिवून आलाय तुमी."

"गाय तुमची हुती."

आतून माणसं डोकावली. आई माझा पदर ओढायला लागली. दादा दात आवळून म्हणाले, "गप बस. तोंडचं अन्न घालवू नगंस."

त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडं मूठभर पीठ नव्हतं. मी गप्प बसले, पण जेवले नाही. चिखलातली भाकरी आईनं उचलली, पुसली आणि स्वतः खाल्ली. ते मी बघितलं.

सकाळी बापू पुन्हा पायऱ्यांखाली आला. आज त्यानं हाकही मारली नाही. दोर नुसता व्हरांड्यात टाकला. दादा उठायला लागले. मी दोर उचलला आणि खाली, त्याच्या पायाशी फेकला.

"न्हाय येणार. वस्तीतलं कुणीच न्हाय येणार."

"मग ऱ्हानार कुटं?"

"हितंच. शाळा सरकारची हाय. तुमची न्हाय."

मी मागं बघितलं. दादा परत खाली बसले होते. भिंतीकडं तोंड करून. माझ्या बाजूनं ते एक शब्द बोलले नाहीत. पण उठलेही नाहीत. मग वस्तीतलं कुणीच उठलं नाही.

त्या दिवशी आमच्या वाट्याला भाकरी आली नाही. दुपारी टेंभुर्णीहून जेसीबी आला. त्यानं सगळी जनावरं उचलली, खड्डा खणला, पुरली. म्हणजे यंत्र मिळत होतं. पहिल्या दिवशीही मिळालं असतं.

पाणी गेलं, पण पूर गेला नाही. नदीकाठच्या रानाची काळी माती वाहून गेली, खाली मुरूम राहिला. गावभर भिंती पडल्या होत्या, तरी दादांना कुणी कामावर बोलावलं नाही. गवंडी बाहेरून आणले. दादा पन्नाशीत एसटीनं माढ्याला, टेंभुर्णीला काम शोधत फिरतात. बापूची मुलगी माझ्या क्लासला यायची बंद झाली. मी खडू हातात घेते आणि मध्येच बोटांचा वास घेते. मुलं बघतात. मी हसून वेळ मारून नेते. लाज त्यांना वाटायला हवी होती, हे मला कळतं. तरी ती माझ्याच अंगाला चिकटून बसली आहे. धुतल्यानं जात नाही.

नवी घरं कुठं बांधायची यासाठी ग्रामसभा भरली. गावाला माळावरची जागा. आमच्या वस्तीला पुन्हा खाली, ओढ्याच्या तोंडाशी. मी उभी राहिले.

"पाणी आदी आमच्यात शिरावं म्हणून आमाला खाली बसवताय का?"

बापू म्हणाला, "पयल्यापासनं तसंच हाय."

"म्हणूनच आता न्हाय."

वस्तीतली माणसं माझ्यामागं सभेतून उठून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर, गावाच्या घरांच्या ओळीतच चुन्याची फक्की मारून आमच्या घरांचा पाया आखला. दादांनी लाइनदोरी ताणली, मी टिकाव घेतला. तलाठी येऊन गेला, पोलीस येऊन गेले. पाया बुजवला, तर आम्ही परत खणू. भिंत पाडली, तर परत बांधू. मला धरून नेलं, तर आई खणेल. माळावरून आम्ही खाली उतरणार नाही.